गाडीत दोघंच: लांबच्या सफरीची आखणी, शेजारच्या सीटवरून

लांबच्या प्रवासाबद्दलचे बहुतेक सल्ले गाडी चालवणाऱ्यासाठी असतात. झोप पुरी घ्या, हवा तपासा, वेग आवरा. शेजारी बसलेल्या माणसाने काय करायचं हे कुणी सांगत नाही. त्यामुळे तो बिचारा तीन तास मोबाईल चाळतो, मग पेंगतो आणि संध्याकाळी उगाच चिडतो. नवरा आणि मी गेली बरीच वर्षं आलटून पालटून गाडी चालवत लांब लांब जातो. आमच्या ज्या सफरी फसल्या त्या गाडीमुळे क्वचितच फसल्या. आखणी करताना शेजारच्या सीटवर कोणी बसणार आहे, हेच आम्ही विसरलो होतो. म्हणून हा लेख दोन्ही सीटा धरून लिहिला आहे.

आधी दोन कागद

नकाशा उघडण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन ओळी लिहायच्या: या सफरीत काय पाहिल्याशिवाय परत यायचं नाही, काय चुकलं तरी चालेल आणि काय अजिबात नको. लिहून झाल्यावरच कागद बदलायचे. बोलून ठरवायला गेलं की ज्याला बोलायची घाई त्याचीच सफर होते.

तिसरी ओळ सगळ्यात कामाची. "पहाटे चारला निघायचं नाही" हे माझ्या कागदावर कायम असतं. "एका दिवसात दोन हॉटेलं नको" हे त्याच्या. असं काही आधी कळलं की निम्मी भांडणं घरीच उरकतात, आणि घरचं भांडण घाटातल्यापेक्षा स्वस्त पडतं.

किलोमीटर विसरा, तास मोजा

आइसलँडला वळसा घालणारा रिंग रोड सुमारे 1,300 किलोमीटरचा आहे. नकाशाच्या हिशेबाने तो दोन दिवसांत संपतो. पण तिथे गेलेली माणसं आठवडा तरी हाताशी ठेवा म्हणून सांगतात, कारण दर थोड्या वेळाने गाडी थांबवावीशी वाटते. निसर्गासाठी निवडलेल्या कुठल्याही रस्त्याचं हेच आहे. ॲप जो वेळ दाखवतं तो न थांबता जाणाऱ्याचा असतो. आम्ही त्याची दीडपट धरतो, घाट असेल तर दुप्पट.

मग दिवस उलटा आखायचा. अंधार पडायच्या दीड तास आधी मुक्कामी पोचायचं, हा पहिला खुंटा. अनोळखी ठिकाणी अंधारात खोली शोधताना दोघांचंही तोंड सुटतं, आणि ज्या दृश्यासाठी आलो ते तर दिसतच नाही. तिथून मागे मोजत सकाळी निघायची वेळ काढायची. प्रत्यक्ष गाडी चालवायचा वेळ दिवसाला पाच-सहा तासांवर जाऊ द्यायचा नाही.

तिसऱ्या दिवसाकडे खास लक्ष द्या. पहिला दिवस उत्साहात जातो, दुसरा सरावाचा असतो, तिसऱ्याला पाठ, मान आणि स्वभाव तिन्ही आखडतात. तीन दिवसांच्या चालीनंतर एका ठिकाणी दोन रात्री ठेवाच. त्या मधल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही.

समुद्र कुठल्या बाजूला?

हा प्रश्न आम्हाला फार उशिरा सुचला, आणि आता आखणीत मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते.

किनाऱ्याचा रस्ता दोन्ही दिशांनी जाता येतो, पण दोन्ही प्रवास सारखे नसतात. नियम सोपा: त्या देशात गाड्या ज्या बाजूने चालतात, त्या बाजूला समुद्र असावा. म्हणजे तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग नसते. थांबायच्या जागा तुमच्याच कडेला लागतात, वाहतूक कापून पलीकडे जावं लागत नाही. शिवाय चालकाच्या शेजारची सीट बहुतेक गाड्यांत त्याच बाजूला असते, तेव्हा समुद्र थेट शेजाऱ्याच्या खिडकीत येतो.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडचं उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधलेला हा रस्ता सुमारे 240 किलोमीटरचा आहे. तिथे गाड्या डावीकडून चालतात आणि समुद्र दक्षिणेला आहे. म्हणून पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलं की पाणी डावीकडे राहतं. कॅलिफोर्नियात वाहतूक उजवीकडून आणि महासागर पश्चिमेला, म्हणून तिथला किनाऱ्याचा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे करावा. आइसलँडलाही उजवीकडून चालवतात, तेव्हा घड्याळाच्या उलट दिशेने फिरलात की किनारा उजवीकडे येतो. नकाशावर बोट फिरवून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

डोंगरात मात्र हा नियम जपून वापरायचा. तिथे हीच बाजू दरीची असू शकते. दरीच्या कडेला बसलेल्या माणसाचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो. मी स्वतः तशी बसले आहे. दोघांपैकी कोणाला उंचीची धास्ती असेल तर डोंगराच्या कुशीकडून जाणारी दिशा घ्या, किंवा त्या टप्प्यात घाबरणाऱ्याला गाडी चालवू द्या. सुकाणू हातात असलं की भीती बरीच कमी होते.

ऊन आणि सावली

सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवणं शक्यतो टाळा. खाली आलेला सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि रस्ता ओलांडणारं माणूस दिसत नाही.

दृश्यांचंही वेळापत्रक असतं. तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर पहाटे जा, वारा सुटला की आरसा मोडतो. धबधब्यावर इंद्रधनुष्य पाहायचं तर सूर्य तुमच्या पाठीशी असला पाहिजे, म्हणून तो धबधबा कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे नकाशात पाहून वेळ ठरवा. पश्चिमेकडे तोंड असलेले कडे मावळतीला पेटल्यासारखे दिसतात आणि सकाळी नुसते काळे. खोल दरीत ऊन उशिरा उतरतं, तिथे सकाळी सातला पोचून उपयोग नाही.

सूर्य मावळायला किती वेळ आहे हे हातानेही कळतं. हात सरळ लांब करायचा, बोटं आडवी धरायची आणि क्षितिज ते सूर्य यात किती बोटं मावतात ते मोजायचं. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. ध्रुवांकडच्या देशांत हा हिशेब चुकतो, तिथे संध्याकाळ रेंगाळते.

ताऱ्यांसाठी जात असाल तर अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरा. पौर्णिमेलाही मजा वेगळी: सूर्य मावळतो त्याच सुमाराला चंद्र समोरच्या बाजूने वर येतो. उघड्या पठारावर दोघंही एकाच वेळी दिसतात आणि कुणी कुठे पाहायचं यावर वाद होतो.

गाडी: चार गोष्टी, आणि टायर

निघायच्या आठवडाभर आधी गाडी दाखवून आणा, आदल्या दिवशी नको. गॅरेजमधून आलेल्या गाडीत कधीकधी नवीच कुरकुर सुरू होते, ती कळायला दोन-चार दिवस हवेत. तेल, कूलंट, ब्रेक पॅड आणि वायपर ते बघतीलच. टायर मात्र तुम्ही स्वतः बघा.

हवा टायर थंड असताना भरायची, म्हणजे सकाळी निघतानाच. आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो. तेवढी हवा भरली तर गाडी उड्या मारत जाते. भरलेल्या गाडीसाठी त्याच स्टिकरवर बऱ्याचदा वेगळा आकडा दिलेला असतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो, म्हणून सपाटीवरून थंड डोंगरात मुक्काम केल्यावर सकाळी पुन्हा तपासायचा.

टायरचं वय कडेवरच्या चार अंकांत असतं. 2319 लिहिलं असेल तर तो 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षीची खोली अनेक देशांत किमान 1.6 मिलिमीटर लागते, पण पावसाळी प्रवासाला त्याच्या जवळपास पोचलेला टायर नेऊ नका. पाणी बाहेर काढायला नक्षीच नसेल तर गाडी पाण्यावर तरंगायला लागते आणि सुकाणू फिरवून काही होत नाही.

इंधनाचा काटा अर्ध्यावर आला की भरायचं. रिकाम्या मुलखात पुढचा पंप बंदही निघतो. इलेक्ट्रिक गाडी असेल तर थंडीत आणि चढाला पल्ला चांगलाच घटतो. उतारावर थोडा परत मिळतो, पण सगळा नाही. चार्जिंग ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने होतं, पुढे रेंगाळतं. तेवढ्यावर पुढे निघणंच बरं.

डिकी भरताना

एकदा रिमझिम पावसात, वळणाच्या थोडं पुढे, मागचं चाक बसलं. स्टेपनी डिकीच्या तळाशी. तिच्यावर जाड फळी, फळीवर दोन बॅगा, बॅगांवर आमची ती मोठी घडीची खुर्ची आणि सगळ्यांवर पसरलेली ओली जॅकेटं. एकेक वस्तू काढून रस्त्याकडेच्या चिखलात ठेवली. जॅक मिळाला. पाना मिळेना. तो मीच घरी फुटपंपाच्या पिशवीत ठेवला होता. नवरा काही बोलला नाही. त्याने फक्त खुर्ची उघडली, चिखलात ठेवली आणि त्यावर बसला. पाऊण तासाने एका ट्रकवाल्याने पाना दिला.

तेव्हापासून पाना, जॅक, टॉर्च आणि परावर्तक त्रिकोण एका पिशवीत, ती पिशवी सर्वांत वर. सफरीआधी अंगणात एकदा चाक काढून लावून पाहायचं, आणि दोघांनीही. नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग गाडी उचलायची. बसवताना गोल क्रमाने न आवळता समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसतं. गाडी खाली घेतल्यावर शेवटचा पीळ द्यायचा, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासायचे. छोट्या आकाराची स्टेपनी असेल तर वेग तिच्यावर लिहिलेल्या मर्यादेतच ठेवा. ती बहुधा ताशी 80 असते.

बाकी सामानाला आमचा एकच दंडक आहे: माणशी एक बॅग, आणि रात्रीच्या मुक्कामाची तिसरी लहान. एका रात्रीसाठी सगळी डिकी उपसायची नाही. मागच्या काचेतून दिसलं पाहिजे इतकंच भरायचं. जड सामान खाली आणि सीटला टेकून. मागच्या फळीवर मोकळी बाटलीसुद्धा नको, जोरात ब्रेक लागला की ती पुढे येते.

शेजाऱ्याची नोकरी

चालकाला एकच काम: रस्ता. बाकी सगळं शेजाऱ्याचं. फोन उचलणं, नकाशा, गाणी, काच, पाणी, पुढचा थांबा. ऑफलाइन नकाशे आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्या, कारण सुंदर जागा आणि मोबाईलची रेंज यांचं फारसं पटत नाही.

वळण सांगायची एक रीत ठरवा. "इथून, इथून!" असं ओरडून काही होत नाही. मी तीन वेळा सांगते: दोन किलोमीटर आधी, अर्धा किलोमीटर आधी आणि वळण दिसल्यावर. खूण देऊन सांगते, "पांढऱ्या कमानीनंतर डावीकडे". वळण चुकलं तर एकच वाक्य बोलायची मुभा आहे: "पुढे वळू." हे वाक्य आम्ही एका तळ्याकाठच्या चाळीस किलोमीटरनंतर ठरवलं. ते सगळे किलोमीटर दोघं गप्प होतो आणि तळं कसं होतं ते आजही दोघांना आठवत नाही.

घाटात मात्र शेजाऱ्याने नकाशा खाली ठेवायचा. डोळे स्थिर पडद्यावर आणि कानातला तोल सांभाळणारा भाग वळणांवर, या विसंगतीने मळमळ सुरू होते. घाटाआधी पुढचा रस्ता वाचून घ्यायचा, मग नजर लांब समोर. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, म्हणून ज्याला लागते त्याने घाटात चालवावं. गोळी घेतली असेल तर मात्र हा उपाय रद्द, कारण या गोळ्यांनी बहुधा झोप येते.

दर दोन तासांनी अदलाबदल. चालवणारा "मी ठीक आहे" म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नका. पेंगुळलेल्या माणसाला आपण पेंगतोय हे उशिरा कळतं. ताशी 100 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते, म्हणजे चार सेकंद डोळा लागला तर शंभर मीटरहून जास्त रस्ता कुणीच पाहिलेला नसतो. दुपारी दोन ते चार आणि पहाटेचे तास सर्वांत वाईट. काच उघडणं आणि मोठ्याने गाणी लावणं ही मनाची समजूत. खरा उपाय म्हणजे सुरक्षित जागी थांबून कॉफी घ्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, तेवढ्यात डुलकीही होते. इंजिन चालू ठेवून, काचा लावून मात्र झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्फात धुराची नळी बुजली असेल तर धोका आणखी मोठा.

शेजाऱ्याला एक हक्क हवा. त्याने "थांब" म्हटलं की चालकाने कारण न विचारता पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं. भीती वाटली, लघवी लागली, ढग छान दिसले, काहीही असो. हा हक्क आम्ही दिवसाला तीनदा ठेवला होता. आता मोजत नाही.

उतार, उंची, पाणी

पहिली लांब पल्ल्याची मोटार सफर एका बायकोने केली, तीही नवऱ्याला घरी ठेवून. 1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ यांनी दोन मुलांना घेऊन, नवरा कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभर किलोमीटरहून लांबचा प्रवास केला. वाटेत इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारांनी ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. उतारावर ब्रेक खर्ची पडतात हा धडा इतका जुना आहे.

आजचे ब्रेक झिजण्याआधी तापतात. लांब उतारावर पाय ब्रेकवर ठेवून राहिलं की जळका वास येतो, मग पेडल मऊ पडतं. जो उतार चढायला दुसरा गिअर लागला असता, तो उतरायलाही दुसराच. वेग इंजिनने धरायचा, ब्रेक थोडा दाबून सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरता येतो, तो कसा हे सपाटीवर शिकून घ्या. वास आलाच तर थांबा आणि अर्धा तास दृश्य पाहा. चाकांवर पाणी ओतू नका.

उंचीवर गाडीपेक्षा माणसं आधी दमतात. 2,500 मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं सुरू होऊ शकतं. चढून जाणाऱ्याला वेळ मिळतो, गाडीने जाणारा काही तासांत वर पोचतो, म्हणून त्यालाच त्रास जास्त. 3,000 मीटरच्या पुढे झोपायची जागा रोज 500 मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली झोपायला आलात तर चालतं. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच क्षणी खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा, रात्र असली तरी. तक्रार एकाचीच असली तरी खाली दोघांनीच यायचं.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा. सुमारे 30 सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी उचलू शकतं, आणि खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही.

कागद

भाड्याची गाडी असेल तर करारात दोघांचीही चालक म्हणून नोंद करा. नाव नसलेल्याच्या हातून काही झालं तर विमा हात वर करू शकतो. परदेशात आंतरराष्ट्रीय परवाना लागतो का आणि रस्ते वाहतुकीच्या कुठल्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा (1949 चा की 1968 चा) हे आधी पाहा. मूळ परवाना सोबत लागतोच. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा. आमच्याकडे एकदा आधीच्याच ओरखड्याचे पैसे मागितले गेले, तेव्हा तो व्हिडिओच कामी आला.

मुक्कामी पोचल्यावर

गाडी तोंड बाहेर करून लावायची. सकाळच्या घाईत मागे घेताना खांब लागतात. मग दहा मिनिटं, खोलीत जाण्याआधीच: एकाने काचा पुसायच्या, समोरची काच आतूनसुद्धा. तिच्यावर एक धुरकट थर जमतो, तो दिवसा दिसत नाही आणि मावळतीला समोरचं सगळं झाकतो. दुसऱ्याने किलोमीटरचा आकडा, भरलेलं इंधन आणि उद्याचा पहिला थांबा वहीत लिहायचा. आमच्या वहीत आकड्यापुढे एक रिकामा रकाना असतो, त्यात दिवसभर जो शेजारी जास्त वेळ बसला त्याने काय पाहिलं ते लिहितो. चालवणारा ते वाचतो आणि बऱ्याचदा विचारतो, "हे कुठे होतं?"